इथली सकाळ, तिथली काल संध्याकाळ

आमच्या गल्लीतली तीन लेकरं या वर्षी देशाबाहेर निघालीत. त्यांतलं एक नेमकं सिएटलला, माझी लेक आहे त्याच गावाला. त्यामुळे गिरणीतून दळण घेऊन येताना कुणी ना कुणी अडवतंच: "बाई, तिकडं आता किती वाजले असतील?" मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सत्तावीस वर्षं भूगोल शिकवला. स्थानिक वेळ, प्रमाण वेळ, एका रेखांशाला चार मिनिटं, हे फळ्यावर किती वेळा लिहिलं त्याची गणती नाही. तरी लेक गेली त्या आठवड्यात दुपारची जेवणं उरकून तीन वाजता फोन लावला आणि तिच्या रात्री अडीचला तिला उठवून विचारलं, "जेवलीस का?"

म्हणून नव्याने या फेऱ्यात पडलेल्या आई-बापांसाठी हे लिहून ठेवते. लातूर आणि सिएटल धरून सांगते. तुमचं लेकरू दुसरीकडे असेल तर आकडे बदला, रीत तीच.

पायरी पहिली : तिकीट नीट वाचा

घोळ लेकरू पोचल्यावर होईल असं वाटतं, पण तो निघायच्या आधीच सुरू होतो. माझ्या लेकीच्या तिकिटावर तारीख होती ११ सप्टेंबर २०१९, वेळ ०४:००, विमानतळ हैदराबाद. (लातूरकरांना मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ पडतं. बीदर-जहीराबादवरून सहा-सात तास धरून चला.) आमच्या घरच्यांनी गाडीवाल्याला सांगून टाकलं, "अकराच्या रात्री निघायचंय." त्या पोराने हैदराबादच्या फेऱ्या मारून मारून जग पाहिलेलं. म्हणाला, "काका, तिकीट दाखवा बरं." मोबाइलवर बघितलं आणि म्हणाला, "काका, अकराची पहाट हाय ही. म्हंजे धाच्या दुपारीच निघावं लागतंय. अकराच्या रातीला गेलाव तर इमान कवाच गेलेलं आसंल."

चूक घरच्यांची म्हणायची तर आहे, पण ती आपल्या भाषेतली आहे. आपण बोलतो तेव्हा दिवस सूर्योदयाला बदलतो. "दहा तारखेची रात्र" म्हटलं की दहाच्या दिवसानंतर आलेली सगळी रात्र, पार कोंबडा आरवेपर्यंत. तिकिटाची तारीख मात्र मध्यरात्री बारालाच बदलते. म्हणून ००:०० ते ०६:०० यांतली कुठलीही वेळ दिसली की पेन घ्या आणि शेजारी लिहा: "आदल्या दिवशी दुपारी घर सोडणे." फ्रिजवर चिकटवा. आंतरराष्ट्रीय विमानाला तीन तास आधी पोचायचं असतं, तेही त्यात धरा.

दुसरी गंमत पोचायच्या वेळेत. वेळा थोड्या गोल करून सांगते. हैदराबादहून पहाटे ४ ला निघाली, दुबईत साडेसहाला उतरली, तिथून साडेनऊला दुसरं विमान, आणि सिएटलला त्याच ११ तारखेला दुपारी १ वाजता. माझी सासू म्हणाली, "नऊ तासांत अमेरिका? पुन्याला जायला आमाला तेवडं लागतंय." तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते, हे लक्षात ठेवा. हैदराबादची हैदराबादची, दुबईची दुबईची (ती आपल्यापेक्षा दीड तास मागे), सिएटलची सिएटलची. तिच्या ११ तारखेच्या दुपारी एकला आपल्याकडे १२ तारखेचे रात्रीचे दीड वाजलेले. म्हणजे नऊ अधिक साडेबारा, असे साडेएकवीस तास ते लेकरू प्रवासात होतं. "पोचले" हा निरोप रात्री दीडनंतर येणार, हे मला आधी कळलं असतं तर संध्याकाळपासून देवापुढे बसून राहिले नसते.

पायरी दुसरी : गणित, पण सोपं

पृथ्वीचे ३६० अंश, दिवसाचे २४ तास, म्हणजे तासाला १५ अंश. भारताची प्रमाण वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, जी मिर्झापूरजवळून जाते. ग्रीनिचपेक्षा आपण साडेपाच तास पुढे. सिएटलची वेळ १२० अंश पश्चिमेची, ग्रीनिचपेक्षा आठ तास मागे. साडेपाच अधिक आठ, साडेतेरा तासांचा फरक. हा झाला हिवाळ्याचा. उन्हाळ्यात ते लोक घड्याळ एक तास पुढे करतात, मग फरक साडेबारा तासांचा.

साडेबारा आणि साडेतेरा वजा करत बसू नका, डोकं फिरतं. माझी युक्ती घ्या. उन्हाळ्यात अर्धा तास मागे जा आणि सकाळची संध्याकाळ करा. लातुरात सकाळचे ८, तिकडे साडेसात, पण संध्याकाळचे, आणि आदल्या दिवशीचे. हिवाळ्यात दीड तास मागे जा आणि तसंच उलटं करा. लातुरात सकाळचे ८, तिकडे काल संध्याकाळचे साडेसहा. तिकडून इकडे यायचं असेल तर तेवढंच पुढे. बस्स. सिएटलवाल्यांचं नशीब चांगलं की बोटं मोजायची वेळ येत नाही. न्यूयॉर्कवाल्यांना साडेनऊ आणि साडेदहा तास वजा करावे लागतात, शिकागोवाल्यांना साडेदहा आणि साडेअकरा.

यावरून एक सांगते. "अमेरिकेत आता किती वाजले?" या प्रश्नाला उत्तर नसतं. नुसत्या मुख्य भूमीवर चार वेळा चालतात, न्यूयॉर्क सिएटलच्या तीन तास पुढे. शेजारीण म्हणते, "माझा भाचा पण तिकडंच असतो, तो तर म्हनला जेवन झालं, झोपलालो." तिचा भाचा न्यू जर्सीत. गाव विचारल्याशिवाय तास सांगू नका.

तारखेचा नियम वेगळा पाठ करा. उन्हाळ्यात आपल्या दुपारी साडेबारापर्यंत, हिवाळ्यात दीडपर्यंत, तिकडे कालची तारीख असते. त्यानंतर दोन्हीकडे एकच. वाढदिवसाला हे उपयोगी पडतं. रात्री बाराला जागून शुभेच्छा दिल्या तर लेकरू म्हणतं, "आई, अजून उद्या आहे तो." आपल्या दुपारच्या जेवणाच्या वेळेला तिकडचे बारा वाजतात, तेव्हा करा फोन. नाही तरी ती जागीच असते त्या दिवशी.

पायरी तिसरी : दोन रविवार

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, कारण आपलं घड्याळ कधीच हलत नाही, त्यामुळे आपल्याला कुणी आठवण करत नाही. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे येतं. २००७ पासून हेच दोन रविवार आहेत. सिएटल ज्या राज्यात आहे त्या वॉशिंग्टनच्या विधिमंडळाने २०१९ मध्ये "आम्ही कायम उन्हाळी वेळच ठेवतो" असा कायदाही केला, पण अमेरिकेच्या केंद्रातल्या काँग्रेसची, म्हणजे त्यांच्या संसदेची, परवानगी लागते, ती आल्याशिवाय तो लागू होत नाही. म्हणजे अजून तरी तुम्हाला हे दोन रविवार चुकत नाहीत.

कॅलेंडरवर या दोन रविवारी लाल पेनाने गोल करा. आणि बारीक गोष्ट: बदल त्यांच्या पहाटे दोनला होतो, म्हणजे आपल्याकडे रविवारी दुपारी. मार्चमध्ये साडेतीनला, नोव्हेंबरमध्ये अडीचला. तेव्हा त्या रविवारी सकाळचा तुमचा नेहमीचा फोन जुन्याच हिशेबाने लागतो. गडबड रात्रीच्या फोनाला होते.

आमची कशी झाली ऐका. २०२४ ची दिवाळी. लक्ष्मीपूजन शुक्रवारी १ नोव्हेंबरला, भाऊबीज रविवारी ३ तारखेला, आणि तोच नोव्हेंबरचा पहिला रविवार. लेकीने सांगितलं होतं, "माझ्या सकाळी आठला ओवाळते." मी लगेच अर्धा तास मिळवून साडेआठ काढले. बरोबर साडेआठला पाट मांडला, भोवती रांगोळी, मोबाइल तांब्याला टेकवून उभा केला. तिचा भाऊ टोपी घालून बसला. पावणेनऊ झाले, नऊ झाले, फोन नाही. टोपी काढू का म्हणाला, मी काढू दिली नाही, ओवाळणी राहिलीय ना. घरचे म्हणाले, झोपली असेल. साडेनऊला फोन वाजला. ती निरांजन लावून प्रसन्न चेहऱ्याने उभी, "मी वेळेवर आहे ना?" ती वेळेवरच होती. दुपारी अडीचला तिचं घड्याळ एक तास मागे सरकलं होतं, तिच्या मोबाइलने आपोआप केलं होतं, आणि भूगोलाच्या बाईंनी केलं नव्हतं. भावाने ओवाळणीचे पैसे फोनवरून पाठवताना खाली लिहिलं: "एक तास बसण्याचे वेगळे."

ज्यांची लेकरं लंडन-जर्मनीत आहेत त्यांचे रविवार वेगळे, मार्चचा शेवटचा आणि ऑक्टोबरचा शेवटचा. मेलबर्न-सिडनीवाल्यांचं सगळंच उलटं, आपल्या हिवाळ्यात त्यांचा उन्हाळा, आणि ते आपल्या पुढे. त्यांनी कॅलेंडरवर आपापले गोल करावेत.

पायरी चौथी : फोन आणि भिंत

मोबाइलच्या घड्याळात जा, जागतिक घड्याळ उघडा, अधिकच्या खुणेवर दाबा, मराठीत किंवा इंग्रजीत सिएटल टाका. उन्हाळी वेळ तो स्वतःच सांभाळतो. एक गैरसमज दूर करते: व्हॉट्सॲपवर निरोपाखाली दिसते ती वेळ तुमच्या फोनची, म्हणजे लातूरची. "रात्री दोनला जागी होती, बघा, शेवटचं दोनला दिसलंय" म्हणून काळजी करू नका. ते दोन आपले, दुपारी म्हटलं तर तिची रात्र, रात्री म्हटलं तर तिची दुपार.

पण मला हातात फोन घेऊन बघायचा कंटाळा. म्हणून गोलाईतून दीडशे रुपयांचं एक साधं घड्याळ आणलं आणि स्वयंपाकघरात जुन्याच्या शेजारी लटकवलं. (गोलाई म्हणजे आमची गंजगोलाई, सोळा रस्ते येऊन मिळतात ती. बाहेरच्या माणसाला तिथे दिशा कळत नाही, वेळेचं तर सोडाच.) दोन दिवसांत लक्षात आलं की बारा आकड्यांच्या तबकडीवर दिवस की रात्र ते कळत नाही. मग पुठ्ठ्याचा एक तुकडा कापला, एका बाजूला "काल" लिहिलं, दुसऱ्या बाजूला "आज", आणि दोऱ्याने घड्याळाखाली टांगला. रोज दुपारी भांडी घासून झाली की पुठ्ठा फिरवायचा, रात्री झोपताना परत "काल" करायचा. घरात आलेले पाहुणे विचारतात हे काय नवीन. तुम्हीही करून बघा, खर्च शून्य.

पायरी पाचवी : तिथला दिवस पाठ करा

वेळ कळली तरी त्या वेळेला तिकडे माणूस काय करतो हे कळायला आम्हाला वर्ष गेलं. उन्हाळ्याचा हिशेब देते, हिवाळ्यात एक तास सरकवा.

आपल्याकडे सकाळी सहाला क्लासची पोरं पाठीवर दप्तर टाकून सायकलवर निघतात, लातूर पॅटर्नचं गाव आहे, सूर्याआधी उठतं. तेव्हा तिकडे साडेपाच, ऑफिस सुटलेलं, रस्ते तुंबलेले. आपल्या सात ते दहात तिची संध्याकाळ असते, स्वयंपाक, जेवण, धुणं. तीच बोलायची पहिली वेळ. आपल्या दुपारी एक ते सात ही तिची गाढ रात्र. दुर्दैव असं की लातूरच्या उन्हाळ्यात बारा ते चार माणूस घराबाहेर पडत नाही, जेवून पंख्याखाली पडलेलं असतं, हाताशी फोन असतो आणि नेमकी तेव्हाच लेकराची आठवण येते. त्या वेळेला फोन उशीखाली ठेवा. लावायचाच असेल तर बोलून ठेवायचा निरोप पाठवा, ती उठून ऐकते. रात्री साडेसात ते साडेआठ ही दुसरी वेळ, ती चहा-पाव खात तयारी करत असते, पण घाईत असते. त्या वेळी जमिनीचा, सोयाबीनच्या भावाचा, मामाच्या भांडणाचा विषय काढू नये.

तिथे कुणी न सांगता कुणाच्या घरी जात नाही. फोनसुद्धा आधी निरोप टाकून करतात. सुरुवातीला मला हे फार कोरडं वाटलं. आता वाटतं, साडेबारा तासांच्या अंतरावर तेच बरं.

आणि फोडणीचं सांगून ठेवते, कारण पहिल्या महिन्यात ही तक्रार येतेच. तिकडच्या घरांत छताला धुराचं यंत्र असतं, ठेचा परतला की ते किंचाळतं. लेकराला सांगा, आधी चुलीवरचा पंखा लावायचा, खिडकी उघडायची, मग मिरच्या टाकायच्या.

पाऊस आणि उजेड, याला पायरी नाही

हे खरं तर कुणी विचारत नाही, पण फोनवरचा निम्मा गैरसमज यातून होतो.

मराठवाड्यात "पाऊस पडतोय" ही आनंदाची बातमी असते. ज्या गावाला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पाणी आणावं लागलं, त्या गावाला दुसरं कसं वाटणार? म्हणून लेक पहिल्या नोव्हेंबरात म्हणाली, "आई, पाऊस चालूय," तर मी म्हटलं, "वा, बरं झालं!" पलीकडे शांतता. तिला त्या पावसाने जीव नकोसा झाला होता.

सिएटलचा वर्षाचा पाऊस साधारण हजार मिलिमीटर, आपला सातशे-आठशेच्या घरात. आकड्यात फार अंतर नाही. फरक पडण्यात आहे. आपला जून ते सप्टेंबरात येतो, आला तर धो धो, ओढे एक करतो, मग पंधरा दिवस तोंड दाखवत नाही. त्यांचा पाऊस दीडशेहून जास्त दिवसांत वाटलेला, ऑक्टोबर ते मार्च, गडगडाट क्वचितच, बहुतेक नुसती भुरभुर. लोक छत्रीसुद्धा घेत नाहीत, टोपीचं जाकीट घालून चालतात. आणि जुलै-ऑगस्टमध्ये, आपण आभाळाकडे डोळे लावून बसतो तेव्हा, तिथे कोरडं लख्ख ऊन. त्या दिवसांत दूरचा माउंट रेनियर दिसतो. चार हजार तीनशे मीटरच्या वर उंच, बारा महिने बर्फ अंगावर. तो दिसला की तिथले लोक म्हणतात, "आज पर्वत बाहेर आलाय." जणू म्हातारा आजोबा ओट्यावर येऊन बसला.

उजेडाचं अंतर पावसापेक्षा जास्त लागतं. लातूर साडेअठरा अंश उत्तरेला, सिएटल साडेसत्तेचाळीसला. आपल्याकडे सूर्य जूनमध्ये सातला मावळतो आणि डिसेंबरात सहाच्या थोडं आधी, तासाभराचा खेळ. तिकडे २१ जूनला रात्री नऊनंतर मावळतो आणि २१ डिसेंबरला दुपारी चार वीसला. सकाळी आठपर्यंत उजाडत नाही. म्हणजे पोरगी अंधारात कामाला जाते आणि अंधारात घरी येते. डिसेंबर-जानेवारीत आवाज उतरलेला असतो, बोलणं कमी होतं. पहिल्या वर्षी मी घाबरून गेले, काय लपवतेय, कुणाशी भांडण झालं का. काही नव्हतं. सूर्य नव्हता. त्या दोन महिन्यांत प्रश्न कमी विचारा आणि व्हिडिओ कॉल गच्चीवरून, उन्हात उभं राहून करा. ती म्हणते, "आई, जरा बाजूला हो, ऊन बघू दे."

उलट जून २०२१ मध्ये तिचा घाबरा फोन आला की गरमीने मरायला झालंय. २८ जूनला सिएटलच्या विमानतळावर ४२ अंशांच्या वर पारा गेला, आजवरचा उच्चांक. आमचे घरचे हसले, "बेचाळीस? आपला मे महिना." मग तिने सांगितलं की बऱ्याच घरांत एसी नाही, पंखाही नाही, घरं उब धरून ठेवायला बांधलेली. मी ओली चादर खिडकीला लावायला सांगितली, माठ तर तिथे मिळणार नव्हता.

तारखांबद्दल थोडं गंभीर

तिकडे दर वर्षी ऑक्टोबरात भूकंपाचा सराव होतो, टेबलाखाली शिरायचं, त्याचा पाय घट्ट धरायचा. तो भूकंपाचाच प्रदेश आहे. सरावानंतर लेक इंटरनेटवर किल्लारीचा भूकंप शोधत बसली आणि मला फोन केला, "आई, यांनी तारीख चुकवलीय. २९ सप्टेंबर लिहिलंय."

आम्ही तेव्हा औशाला होतो. अनंत चतुर्दशीची रात्र, गणपती बोळवून लोक नुकते झोपलेले. पहाटे तीन छप्पन्न. ३० सप्टेंबर १९९३ ही तारीख आमच्या भागात कुणाला विचारावी लागत नाही. पण भूकंपांच्या जागतिक नोंदी ग्रीनिचच्या वेळेने ठेवतात, आणि ग्रीनिचला तेव्हा २९ सप्टेंबरच्या रात्रीचे दहा सव्वीस झाले होते. सिएटलमध्ये २९ च्या दुपारचे साडेतीन. चुकलेलं काही नाही. उलटंही झालंय: सिएटलचा २००१ चा मोठा भूकंप तिथे २८ फेब्रुवारीला सकाळी १० वाजून ५४ मिनिटांनी झाला, तेव्हा लातुरात मध्यरात्र उलटून गेली होती आणि १ मार्च लागला होता. जगातली कुठलीही नोंद वाचताना शेजारी कोणती वेळ लिहिलीय ते आधी बघा. आणि लेकराच्या गावात काही झाल्याची बातमी टीव्हीवर आली तर ती कोणत्या गावाच्या कोणत्या तारखेची, ते बघूनच घाबरा.

पायरी सहावी : पंचांग

संकष्टी कधी, एकादशी कधी, हे लेकराला इथल्या कॅलेंडरवरून सांगू नका. तिथी सगळ्या जगाला एकाच क्षणी लागते, पण त्या क्षणी तिकडे कालची संध्याकाळ असू शकते. चतुर्थी लातुरात १६ तारखेच्या सकाळी सहाला लागली, तर सिएटलला तेव्हा १५ च्या संध्याकाळचे साडेपाच. तिथला चंद्र त्याच रात्री चतुर्थीत उगवेल, मग तिची संकष्टी १५ ला, आपली १६ ला. मोबाइलवरच्या पंचांगात गाव बदलता येतं, ते करून द्या. चंद्रोदय तिथलाच धरायचा. आमच्या सासूबाईंना हे पटवायला दोन वर्षं लागली. "चंद्र काय दोन हायत का?" हा त्यांचा प्रश्न भूगोलाच्या पुस्तकात नाही.

येळवशीला मात्र आम्ही पंचांग बघत नाही, तिलाच जागवतो. बाहेरच्यांना म्हणून सांगते: वेळ अमावस्या, डिसेंबर-जानेवारीत येते, लातूर-धाराशिवकडे त्या दिवशी गावं ओस पडतात आणि शेतं भरतात. कडब्याची कोप करायची, आत पांडव मांडायचे, भज्जी, बाजरीचे उंडे, आंबिलाचा माठ. पूजा होऊन "ओलगे ओलगे सालम पलगे" म्हणत शेतात आंबील शिंपडायची. दुपारी बाराला पंगत बसते, तिकडे आदल्या रात्रीचे साडेदहा. रेंज फक्त बांधावरच्या बाभळीखाली मिळते, म्हणून एक जण ताट घेऊन बाभळीखाली उभा राहतो आणि ती मोबाइलमध्ये भज्जीचा रंग बघून सांगते की यंदा बेसन जास्त झालंय. नेहमी बरोबर असतं.

शेवटची : आपली वेळ तिला द्या

तिनेच सगळं जुळवायचं नाही तसं आपणही नाही. आपला दिवस तिलाही लिहून द्या. लाइट कोणत्या वारी जाते, घरचे फिरायला कधी जातात, आजीची गोळी कधीची. आमच्या भागात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, आणि आलं की घरातले सगळे बादल्या, पिंप, ड्रम घेऊन धावतात, फोन कितीही वाजो. तिच्या फोनवर दर आठवड्याला त्या वाराला आठवण लावलेली आहे: "पाणी. फोन करू नये."